बोटीवरचा परदेशी सेट उतरवण्याबाबत, आणि इतर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा प्रवासी बोटीची मालकी व किनाऱ्यावरचा वायरलेस सांभाळणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपण नसल्याचा दाखला कुठे मिळत नाही, पण आमच्या घरात कोण कोणावर दडपण आणतं हे सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतात. बोट सोडताना माझे पतीही दरवेळी तेच म्हणायचे, म्हणून लिहिते आहे.

माझ्या पतींचा उल्लेख यापुढे 'हे' असा केला आहे. वकिलांनी हरकत घेतली, पण सेहेचाळीस वर्षांची सवय एका कागदासाठी मोडणार नाही.

कलम १. राहते घर ह्यांच्या हयातीत ह्यांचे, नंतर मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. न्हाणीघरातला नळ 'उद्या करतो' या बोलीवर अकरा वर्षं गळतो आहे. तो नळ मी ह्यांना वेगळा आणि स्वतंत्रपणे देत आहे. त्यावर मुलांचा काही हक्क नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून सर्वांत आधी बोटीसाठी इथल्या परवान्याचा नवा वायरलेस घ्यावा. इथल्या म्हणजे इथल्या. उरेल ते दोन्ही मुलांचे.

कलम ३. बोट माझ्या मुलीला. गेली दोन वर्षं तीच चालवते आणि बापापेक्षा बरी चालवते. मात्र बोटीवरचा परदेशी सेट खाली उतरल्याशिवाय बोट तिच्या नावावर करू नये. ही अट मुलीसाठी नाही, ह्यांच्यासाठी आहे. लेकीची बोट अडलेली ह्यांना पाहवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

हा सेट कसा आला ते लिहिणं भाग आहे. चार वर्षांपूर्वी हे मुलाकडे परदेशी गेले. निघताना मी सांगितलं, "अहो, तिथून वायरलेस आणू नका. तिथले चॅनल वेगळे, परवाना वेगळा." हे म्हणाले, "अगं, समुद्र काय वेगळा आहे?" आणि परतताना माझ्याच शालीत गुंडाळून सेट घेऊन आले. तान्हं मूलही कोणी इतकं जपून आणत नाही. शालीला त्या खोक्याच्या खिळ्याने भोक पडलं ते पडलंच.

त्या सेटवर एक लाल बटण आहे. जिवावर बेतलं की ते दाबायचं, मग सेट आपला नंबर मदतवाल्यांना कळवतो, आणि बोट कोणाची, कुठली, हे नंबरावरून त्यांना समजतं. हा नंबर आयुष्यात एकदाच भरता येतो. दुकानदाराने तो तिथल्या तिथे प्रेमाने भरून दिला, आणि पत्ता म्हणून ह्यांनी मुलाच्या घराचा पत्ता दिला. म्हणजे आमची बोट त्या देशाच्या दप्तरी अकराव्या मजल्यावर राहते. उद्या माझ्या मुलीने वीस प्रवासी घेऊन भर समुद्रात ते बटण दाबलं, तर हजारो मैलांवर मुलाचा फोन वाजेल, आणि तो सांगेल, "बोट? माझ्याकडे सायकल आहे." तोवर इथे काय झालेलं असेल ते मला लिहवत नाही. इथल्या परवाना कचेरीनेही सेट नापास केला आहे. तीन वर्षं मी कंठशोष करते आहे. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "चांगला चालतोय की." जिवंत बायकोचं ऐकलं नाही, आता मेलेल्या बायकोच्या वकिलाचं ऐकावं लागेल.

कलम ४. डिझेल पंपवाल्यांची मी ह्यांच्या वतीने माफी मागते. ते साक्षीदार म्हणून समोरच बसले आहेत, आणि आपल्यावर खापर का फुटलं ते त्यांना अजून कळलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बोट रिकामी परतत असताना इंजिन बंद पडलं. हे नेहमीप्रमाणे चॅनल अठ्ठ्याहत्तरवरून मला हाक मारू लागले. परदेशातला अठ्ठ्याहत्तर आणि आपला अठ्ठ्याहत्तर यांत फरक असा, की ह्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं आणि माझं एक अक्षर ह्यांना पोचत नव्हतं. संसारातही आमचं असंच होतं, पण तिथे निदान दोघं एका खोलीत असायचो. सोळा नंबरवर गेले असते तर लगेच बोलणं झालं असतं, तो सगळ्या जगात एकच. पण सोळा सगळं बंदर ऐकतं. नवा परदेशी सेट मिरवणाऱ्याची बोट बंद पडली हे बंदराला कळू नये, म्हणून हे अठ्ठ्याहत्तरलाच चिकटून राहिले. मी सोळावरून, जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या पायलटच्या लाँचला कळवलं. ती एका जहाजाला आत आणत होती, पोचायला अडीच तास लागले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "तुला काही ऐकू आलं होतं का?" मी म्हणाले, "नुसती खरखर. उशीर झाला म्हणून लाँच पाठवली." मग हे डिझेलमध्ये पाणी होतं असं गावभर सांगत सुटले आणि पंपवाल्यांशी बोलणं टाकलं. डिझेलमध्ये पाणी नव्हतं. फिल्टर तुंबला होता. बदला म्हणून मी चार दिवस सांगत होते. पुढे मुलीने माहितीपुस्तक वाचून चॅनल इथले करून दिले, त्याला दहा मिनिटं लागली. नंबर मात्र तिलाही बदलता आला नाही.

कलम ५. किनाऱ्यावरचा सेट, त्याची खुर्ची आणि खुर्चीवरची उशी ह्यांना. मुलगी बोट सोडेल तेव्हापासून परत धक्क्याला लागेपर्यंत ह्यांनी तिथे बसावं आणि ऐकावं. मध्ये बोलू नये. सुरुवातीला जड जाईल.

कलम ६. सेटशेजारच्या कपाटातली नोंदवही ह्यांना. ऐकलेला प्रत्येक शब्द वेळ घालून लिहावा असा नियम आहे, आणि मी नियम पाळते. त्या सकाळचं पान मी आजवर कोणाला दाखवलेलं नाही. आपलं बोलणं कोणी ऐकतंय हे कळलं असतं, तर हे त्यातलं एकही वाक्य बोलले नसते. पानाची नक्कल इथे देते, म्हणजे वही हरवली म्हणायला नको.

१०.२० — "किनारा, ऐकू येतंय का?" उत्तर दिले.
१०.४० — "झोपली वाटतं." उत्तर दिले. (शब्द लिहीत नाही.)
११.१५ — "फिल्टरचं तू म्हणाली होतीस. तुझंच खरं होतं. तुझंच खरं असतं, त्याचाच तर राग येतो."
१२.०५ — "घरी आलो की हे काही मी सांगणार नाही."
१२.४५ — "ऐकत असलीस तर नुसतं काहीतरी बोल गं. बरं वाटेल." उत्तर दिले: ऐकतेय. मी इथेच आहे. लाँच निघाली आहे. ऐकतेय.

हे मी लाँच पोचेपर्यंत म्हणत राहिले. तेव्हा पोचलं नव्हतं, म्हणून ह्यांच्या नावे करून देत आहे.

शस्त्रक्रियेतून मी उठले, तर हा लखोटा न फोडता मला परत द्यावा आणि दोन्ही साक्षीदारांनी तोंड मिटून ठेवावं. सेट मी स्वतः पान्याने उतरवीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, एकाही शब्दाचा पश्चात्ताप नाही.

सही: (चष्मा लावून, स्वतःच्या हाताने)
साक्षीदार १: डिझेल पंपवाले. वाचून सही केली. माफी पोचली.
साक्षीदार २: पायलटच्या लाँचचे निवृत्त सारंग.
स्थळ: बाहेरची खोली, सेटजवळ. मुलीची बोट अजून आलेली नाही.
दिनांक: १४ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी १२.४५