अण्णांच्या गुळाचा गहू

लाहौल (हिमाचल), वैशाख

आईला आकांक्षाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. दोन स्वेटर घालते, गरम जेवते. फोनवर तू रडतीस आन मंग मला बी बोलता येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले.

अण्णा गेले तवा बर्फानं रस्ता बंद होता. वडलांचं तोंड बघायला मिळालं न्हाई. ते जाऊ दे.

इथल्या शेती संशोधन केंद्रातलं काम बराबर चालू आहे. इथल्या थंड मातीत चांगले जिवाणू असतात. ते गव्हाच्या बियाण्याला लावले की गारठ्यात बी मुळी जोर धरते. ते चिकटायला गुळाचं पाणी लागतं. पेरणीच्या दिवशीच गूळ संपला. साहेब म्हणाले, साखर चालेल. मला चालली नसती. अण्णांनी दिवाळीला टेंभुर्णीहून पाठवलेली ढेप काढली.

हरभऱ्याच्या बियाण्याला जिवाणू खत लावताना अण्णा आधी आम्हा लेकरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे, मंगच गूळ पाण्यात टाकायचे. मी बी इथं सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. माझ्या हातावर कोणी ठेवला न्हाई. त्यांना काय ठाऊक?

गहू उगवलाय, बर्फाच्या कडेला हिरवागार. सगळे खुश आहेत. फोटो कोणाला पाठवावा, ते मला कळंना.

तू दोन्ही वेळा जेवतीस का? अण्णांची बाज अजून अंगणातच आहे का? धाकट्या कल्याणला सांग, पावसाआधी ती आत घे.

माझ्या वाटचा खडा मी डब्यात ठेवलाय. इथं थंडीनं मुंग्या येत न्हाईत, आई. तो राहील.

तुझी,
आकांक्षा