शशीच्या बेचाळीस गाईंचं कुंकू

शशीचा फार्म, हेरफर्डशायर
२ नोव्हेंबर २००६

चि. गिरीशला लीलावतीआत्याचे मिरजेपर्यंत पुरतील एवढे आशीर्वाद. सूनबाईंना आणि नातवंडांना त्यातलेच वाटून दे. तुझी साखर आटोक्यात आहे ना? माझं म्हणशील तर बरं आहे. पूर्वी दोन्ही गुडघे आपापल्या मर्जीने दुखायचे, इथल्या थंडीत ते एका सुरात दुखतात, एवढाच काय तो फरक.

कुलवृत्तांताची कच्ची छपाई पोचली. एवढ्या साऱ्या माणसांची जन्मसालं गोळा करायची म्हणजे खायचं काम नाही (लग्नाला आलेली माणसं आहेराची यादी नीट सांगत नाहीत, तू तर पणजोबांच्या मुंजी विचारल्यास). पण तुझ्या शशीकाकाच्या नावापुढची ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. ‘शशिकांत. वैद्यकीय व्यवसाय, इंग्लंड. सध्या काही नाही.’ अरे, काही नाही म्हणजे काय? मिरजेत कुणी म्हणतं त्याला कामावरून काढलं, कुणी म्हणतं त्याचं डोकं फिरलं, हे माझ्याही कानावर आलंय. पुस्तक एकदा छापलं की पुढची शंभर वर्षं हेच वाचलं जाणार. म्हणून खरं काय ते लिहिते, मग तूच ओळ ठरव.

आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा, बेडगला मास्तर होते, हे तुला ठाऊक आहे. घरी दोन गाई, एक म्हैस. शशीचं गणित चुकलं की दादा ओरडायचे, ‘शिकला नाहीस तर गुरं राखायला जाशील.’ (तेव्हा आमची गुरं कोण राखत होतं, ते सध्या राहू दे.) त्या धाकाने पोरगा असा अभ्यासाला लागला की थेट डॉक्टर होऊन एकोणसत्तर साली विमानात बसला. आधी वेल्समधल्या खाणगावात नोकरी, मग हॅरोला स्वतःचा दवाखाना. चौतीस वर्षं त्याने माणसं तपासली. हॅरोत अजून लोक रस्त्यात थांबवून त्याला जीभ दाखवतात, अशी सुलक्षणा सांगते. (सुलक्षणा माझी भावजय. भूल देणारी डॉक्टर. शशीला मात्र तिला एकदाही भूल घालता आली नाही.) दोन हजार तीन साली शशी मानाने निवृत्त झाला, आणि हॅरोजवळचं स्टॅनमोरचं घर विकून त्याने काय घेतलं? बेचाळीस दुभत्या गाई आणि त्यांच्याखालची जमीन. दादांचा शाप त्याने स्वतःहून विकत घेतला.

फाटकावर त्याने ‘रँच’ अशी पाटी लावलीय. आजूबाजूचे शेतकरी त्याला नुसता फार्म म्हणतात आणि पाटीकडे बघून गालात हसतात. हसू देत. दवाखान्याची सवय मात्र सुटलेली नाही. प्रत्येक गाईला दहा मिनिटं, एक कमी नाही की जास्त नाही. गळ्यात स्टेथोस्कोप घालून गोठ्यात शिरतो, तोंडासमोर उभा राहून ‘कधीपासून वाटतंय असं?’ विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. औषध द्यायला इथल्या कायद्याने गुरांचाच डॉक्टर लागतो. तो आला की शशी पेशंटच्या नातेवाइकासारखा कोपऱ्यात हात बांधून उभा. एवढा मोठा माणूस, पण कमीपणा वाटून घेत नाही.

आता वसुबारसेची गंमत सांगते. आदल्या दिवशी प्रिचर्ड नावाचा गुरांचा व्यापारी येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताट घेऊन गोठ्यात गेले, तर आठ म्हाताऱ्या गाईंच्या पाठीवर तांबडा ठिपका. आता सणाच्या दिवशी गाईच्या अंगावर तांबडं दिसल्यावर माझ्यासारख्या बाईने काय समजायचं? आठजणींना लावलं आणि चौतीस तशाच, हा दुजाभाव बरा दिसत नाही. माझ्या डबीतलं कुंकू पाचव्या गाईला संपलं (इथल्या गाईंची कपाळं म्हणजे परातीच). शेल्फवर तांबड्या रंगाची फवाऱ्याची डबी होती. फुस्स केलं की झालं. बेचाळीसच्या बेचाळीस पाठी मी सवाष्ण करून टाकल्या, आणि पुरणाचा घास भरवून घरात आले.

सकाळी प्रिचर्ड ट्रक घेऊन हजर. तांबडी खूण म्हणजे विकायच्या गाई. बघतो तो अख्खा गोठा विकायला काढलेला. शशीकडे निवडलेल्या गाईंच्या कानातले नंबर लिहिलेला कागद होता. तो आधी प्रिचर्डने वाचला, मग सुलक्षणाने, मग खुद्द शशीने. चौतीस वर्षं प्रिस्क्रिप्शनं लिहिलेलं अक्षर ते, कुणाच्या बापाला लागेना. शशी माझ्याकडे वळला. ‘आक्का, अगं काय केलंस हे?’ मी म्हटलं, ‘सण केला.’

तो एकेका गाईपाशी जाऊन उभा राहिला. दहा दहा मिनिटं. प्रिचर्डने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी शशी म्हणाला, आज राहू दे. ट्रक रिकामा गेला. सुलक्षणा दारातून म्हणाली, ‘सरकारनं तुम्हाला पेन्शन दिली ना, मग आता तुम्ही यांना द्या.’ आठही गाई अजून वरच्या कुरणात चरताहेत, दूध देत नाहीत, नुसत्या रुबाबात फिरतात. प्रिचर्डला परत फोन गेलेला नाही.

तर शशीपुढे असं छाप: ‘चौतीस वर्षे माणसांचे डॉक्टर. सध्या बेचाळीस गाईंचे मालक, पैकी आठ निवृत्त.’ आपल्या घराण्यात मामलेदार झाले, वकील झाले, पण दादांचा धाक खोटा पाडून तोच धंदा मानाने करून दाखवणारा हा एकटाच.

तुझी,
लीलावतीआत्या

ता. क. तांबड्या खुणेचा अर्थ सुलक्षणाने मला आदल्या दिवशीच सांगितला होता. फवाऱ्याची डबीसुद्धा तिनेच खालच्या शेल्फवर काढून ठेवली. शशीला कळवू नकोस.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र मी याच्यासाठी लिहायला घेतलं. माझ्या ओळीत तू ‘शिक्षण चौथी’ लिहिलंस, ते बरोबर आहे. आई आजारी पडली म्हणून दादांनी मला शाळेतून काढून गुरांमागे धाडलं. पुढचं वाचन मी शशीच्या पुस्तकांवर, कडबा तोडता तोडता केलं. पण व्यवसायापुढे तू आडवी रेघ मारलीस. ती खोडून तिथे लिही: ‘गुरे राखणे, बेडग व इंग्लंड.’ ओळीत मावत नसेल तर टाईप लहान कर, शब्द काढू नकोस.