कोंडवाड्याची टोकदार कमान न पाडणेबाबत

प्रति,
मा. मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी.

विषय : मौजे बोरजाई (चाकणनजीक) येथील कोंडवाड्याची कमान व मनोरा आहे तसा ठेवणेबाबत.
संदर्भ : इन्स्पेक्टरसाहेबांचा तोंडी हुकूम, "होळीच्या आत जमीनदोस्त करा."

महोदय,

अर्जदार सोनबा गेनबा, धंदा गवंडीकाम, सविनय कळवितो की, मोकाट गुरे कोंडण्यासाठी कोंडवाडा बांधण्याचे काम ग्रामपंचायतीने त्यास दिले. नकाशा दिला नाही. "चांगला बांध," एवढेच सरपंच मारुतराव म्हणाले आणि तिथेच घात झाला.

अर्जदार चुना आणण्यास पुण्यास गेला. चुना राहिला बाजूला, आणि हा गडी लष्कर भागातली जुनी चर्चे पाहत हिंडला. टोकदार कमानी, पालथ्या नावेसारखे लाकडी छत, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेले ऊन. वर बघून बघून मान आखडली. पाद्रीसाहेबांनी आस्थेने विचारले, आमच्या धर्मात येता काय. अर्जदार म्हणाला, "देव आमचा हाय त्यो बरा हाय. तुमची कमान तेवढी बगू द्या." त्यांनी हसून शिडी आणून दिली.

गावी येऊन अर्जदाराने तशीच कमान उभी केली, वर मनोरा चढवला आणि नवाब मणियाराकडच्या वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे खिडकीत बसवले. आता आत रेडकू ओरडले तरी आवाज असा घुमतो की गाव ऐकायला जमते. ठकुबाईची लाथाळ म्हैस रात्रभर आत राहून आली, ती धारेला गपगुमान उभी राहू लागली. तेव्हापासून बायका आपली जनावरे मुद्दाम दुसऱ्याच्या पिकात सोडतात.

इन्स्पेक्टरसाहेबांचे म्हणणे, कोंडवाड्याचा धाक गेला आणि ही सरकारी इमारत वाटतच नाही. दुसरे म्हणणे अर्जदारास मान्य आहे. सरकारी इमारतच बांधायची तर त्याने मान कशाला आखडून घेतली असती?

उभ्या हयातीत अर्जदाराने चुली, ओटे आणि हौद बांधले. त्यांकडे कोणी मान वर करून पाहिले नाही. ही कमान पाडल्यावर त्याने पुन्हा थापीला हात का लावावा, हे कचेरीने कळवावे.

तपासणीच्या दिवशी साहेब दारात थबकले, वर पाहिले, टोपी काढली, बूट काढले आणि हात जोडून आत गेले. शेणात पाय पडल्यावर त्यांना कोंडवाडा आठवला. मग हुकूम सोडून ते तसेच अनवाणी जीपकडे गेले. कचेरीच्या दारात लोक पायताण काढतात ते भीतीने. साहेबांनी इथे कशाने काढले, एवढे त्यांना विचारावे आणि मगच कमानीला पहार लावावी.

कमान उभी असेतोवर आपलाच,
सोनबा गेनबा (सही)
बोरजाई, ता. ११ मार्च १९५६

सोबत : साहेबांचे बूट, एक जोड. शेण लागलेले नाही.