उकळलेला वाफा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुला चक्क बुरशीबद्दल लिहायला बसलोय. हसू नकोस. बुरशी म्हटलं की तुला लोणच्याची बरणी आठवणार आणि तू ओरडणार, "आरं, उनात ठिव की ती!" पण ही बुरशी वेगळी. मोसंबीच्या कोवळ्या मुळांच्या आत राहते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. नोकरीत केस पांढरे झाल्यावर एकदा ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मुळाच्या आत एवढंसं झाड उगवावं तशा तिला फांद्या फुटल्या होत्या. ती मुळाला खात नाही. लांबच्या मातीतून स्फुरद ओढून आणते, मुळाला देते, आणि मूळ तिला साखर देतं. ती नसेल तर लिंबू-मोसंबीचं रोप खताच्या ढिगावरही उपाशी राहतं. बरोबरचे लोक मला हे उत्साहाने समजावत होते, आणि मला आपल्या मळ्यातला वाफा आठवत होता.

लढाईच्या काळातली ती दिवाळीची सुट्टी. बेलापूरजवळच्या आपल्या मळ्यात तू जंबेरी लिंबाचं बी टाकायला वाफा करते आहेस; पुढे त्याच रोपांवर मोसंबीचा डोळा बांधायचा. दरवर्षीसारखी तू जुन्या मोसंबीच्या बुडातली माती पाटीत घालून आणतेस, नव्या वाफ्यात कालवायला. 'माहेरची शिदोरी' म्हणतेस तिला. आणि मी, पुण्याच्या शेतकी कॉलेजात जेमतेम दीड वर्ष काढलेला दीडशहाणा, तुझ्या हातातली पाटी हिसकावून घेतो. जुन्या झाडाखाली रोग असतो, हा अडाणीपणा पुरे, वाफा उकळत्या पाण्याने शुद्ध करायचा, असं शेजारच्या दोघी बायांदेखत सुनावतो. गुळाच्या काहिलीत पाणी चढवलं, खाली चिपाडं पेटवली आणि बादल्यांनी वाफ्यावर ओतलं. गांडुळं वर येऊन मेली. तू पदर तोंडाला लावून उभी होतीस. "शिकलायस बाबा तू, तुजं खरं. पर मातीला आंघुळ घालत्यात, तिला शिजवीत न्हाईत," एवढंच म्हणालीस. मग माती निवल्यावर तूच बी टाकलंस.

माघात तू ताईच्या बाळंतपणाला शेवगावला गेलीस; मागे वाफ्याला पाणी गडी द्यायचा, वडील तिकडे फिरकत नसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आधी घरी आलो, तू दोन दिवसांनी. आल्या आल्या, पायसुद्धा न धुता, वाफ्यावर गेलीस. रोपं बोटभर, पिवळी, म्हाताऱ्या पोरांसारखी. एरवी तुझी रोपं तोवर वीतभर व्हायची. वडील भडकले आणि माझ्याकडे वळले, तशी तू मधे पडलीस. "त्याला कशापायी बोलता? बी म्या टाकलंया. माजाच हातगुन गेला."

हातगुण! अख्ख्या गावात तुझ्या हातगुणाचा बोलबाला होता. कुणाचाही मळा असो, पहिलं बी तुझ्या हातचं पडायचं. त्या वर्षानंतर माणसं बोलवायला आली की तू हात पदराखाली घ्यायचीस. "नगं बाई, दुसरं कोन बी बगा. माज्या हातानं इस्कोट हुईल." मी तिथेच ओट्यावर पेपर वाचत बसलेलो असायचो. मला वाटायचं, तू मला वाचवायला बोलली होतीस, कधीतरी हसून सोडून देशील. पण तुझंच बोलणं तुला खरं वाटायला लागलं होतं. शेवटच्या आजारपणात परसातली तुळस वाळली, तर म्हणालीस, "म्याच लावली हुती नव्हं." मी म्हणालो, "काहीतरीच काय आई," आणि औषध आणायला निघून गेलो. फार लाज वाटते मला त्याची.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, मुलांनाही नाही. त्यांना मी इतकी वर्षं हेच सांगत आलोय की माझी चूक मला सूक्ष्मदर्शकाने दाखवली, तोवर आई राहिली नव्हती. ऐकून त्यांचे डोळे भरून येतात. या पत्राच्या सुरुवातीला तुलाही मी तसंच पटवत होतो. ते खोटं आहे. तू शेवगावहून यायच्या आदल्या दिवशी मी वाफ्यावर गेलो होतो. पाटाकडच्या कोपऱ्यात, जिथे माझं उकळतं पाणी पुरलं नव्हतं, तिथे अकरा रोपं वीतभर वाढून हिरवीगार उभी होती. मला तिथेच सगळं कळलं. मी ती एकेक करून उपटली आणि पाटाच्या पाण्यात सोडून दिली. तू आलीस तेव्हा वाफा सगळा सारखा पिवळा होता.