कापून ठेवलेला ब्लाउज

मंगळवार, संध्याकाळ

आज त्या जुगारी इन्स्पेक्टरच्या मालिकेचा शेवटचा भाग होता. बायकोनं त्याला पकडून दिलं आणि आमच्या घरात वाद पेटला.

सासूबाई म्हणाल्या, "ही बायको हाय का वैरीण?"

नणंद डोळे पुसत होती. "जुगार म्हंजे आजारच की! बायकोनं समजून घ्यायला पायजे होतं."

हे मान खाली घालून शेंगा सोलत बसलेले.

समजूनच तर घेत होते मी! माझं माहेरचं शिलाई मशीन विकून हे मोबाइलवर रमी खेळले. आणि मी पंधरा दिवस सांगतेय, दुरुस्तीला टाकलंय. नणंदेचा साखरपुड्याचा ब्लाउज कापून तसाच पडलाय, म्हणून आळशी कोण? मीच.

उठले. ब्लाउजचे तुकडे आणून तिच्या मांडीवर ठेवले. "वन्सं, मशीन तुमच्या भावानं रमीत घालवलं. आजारच की. घ्या समजून."

तिनं तुकड्यांकडं बघितलं आणि रिमोट उचलून भावावर धावली. "दाद्या, आता साखरपुड्याला मी काय घालू?"

ह्यांच्या पुढ्यातल्या शेंगा मी ओढून घेतल्या आणि खात बघत बसले.