एक, मग दोन

आई,

लिहायला इतकी वर्षं लावली, रागावू नकोस. कागद घेऊन बसलो की चुकेल या भीतीनेच हात थांबतो. तू म्हणायचीस, नववीत शाळा सोडलीस, तेव्हाच घाबरणंही सोडायचंस. पण आज तुझ्या पणतीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिल्लीत मयूर विहारच्या मागच्या गल्लीतलं आपलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आठवतं ना? कॉम्प्युटरवाल्या गाड्या तेव्हा नव्या होत्या. बॉनेटखाली दोन पिना तारेने जोडायच्या, की आत डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा. किती वेळा लुकलुकला, त्यावरून बिघाड ओळखायचा. मी बाहेर, दिवा आत, आणि धावत जाऊन बघावं तर घाईत माझी मोजणी चुके. म्हणून बाबा ऑफिसला गेले की तू दुकानात येतेस, पदर खोचून पुढच्या सीटवर बसतेस आणि बोटांच्या पेरांवर मोजतेस. दिवा एकदा लागला, थांबला, मग दोनदा लागला, तर बिघाड नाही. ही खूण तुझी लाडकी.

"माताजी, क्या बोलती है गाडी?" गिऱ्हाईक विचारतं.

"बोलती है, मैं ठीक है, तुम घर जाव!"

सगळी गल्ली हसते. मग मला ऐकवतेस, "बघ, विचारलं की बरं असल्याचंही सांगते. नाहीतर तू!"

पुढे मोबाइल आला, तेव्हा तीच खूण तू माझ्यासाठी वापरलीस. पुण्याला मावशीकडे पोचलीस की एक मिस्ड कॉल, थांबून आणखी दोन. त्यानंतरच माझ्या घशाखाली घास उतरायचा.

आज सकाळी नात मुनिरक्याहून आली. मैत्रिणींना घेऊन माझ्या गाडीने पानिपतला, लढाईचं स्मारक काला अंब बघायला जायचं ठरलं होतं. किल्ली फिरवली तर इंजिनचा दिवा विझेना. बाहेर धुकं. तिने स्टीअरिंगखाली छोटं यंत्र खोचलं, फोनवर कोड वाचला. "व्होल्टेज कमी आहे. क्लिअर करते आजोबा, चलो."

"कोड पुसल्याने ताप उतरतो का? थांब."

बॅटरीची काळी तार जिथे गाडीच्या पत्र्याला जोडतात, तो बोल्ट सैल होता, वर हिरवट थर. मी पॉलिश पेपरने घासत होतो, ती टॉर्च धरून तुझ्या गोष्टी ऐकत होती. बोल्ट आवळला, मग कोड पुसला, कॉलनीला एक चक्कर मारली. दिवा परत आला नाही. फोनवर कोड नाही.

"झालं ना आता?"

"पण बरं आहे असं कुठे म्हणतंय ते?"

ती खो खो हसली आणि निघाली. वळणावर हॉर्न वाजला. एक. मग दोन. आई, मी रस्त्यातच टाळ्या वाजवल्या, शेजारीण बघत राहिली.

दुपारी पानिपतहून फोनही तसेच आले. आनंदाच्या भरात शेवटचे दोन होते की तीन, ते मी विसरलो. परत फोन लावला.

"दोनच होते आजोबा! बिल्कुल ठीक आहोत. जेवू द्या आता!"

हे पत्र टाकणार कुठे, ते मला ठाऊक नाही. पण तू पोचलीस की नाही, एवढं एकदा कळव. मोजताना मी अजून चुकतो, तेव्हा जरा सावकाश वाजव. आणि लवकर.