मधोमध माणूस असलेल्या चिपच्या नकाशाविषयी

दि. २ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
नवसंशोधन सहाय्य कक्ष,
(जुन्या बियाणे गोदामाच्या वर), बीड.

विषय : शेळीच्या कानातल्या चिपच्या अंतर्गत मांडणीची (लेआउट-डिझाइनची) दिल्लीस नोंदणी करण्यासाठी आपल्या कक्षाची ना-हरकत दि. ११ सप्टेंबरपूर्वी मिळणेबाबत; न मिळाल्यास परिच्छेद ८ प्रमाणे पर्यायी ताबा मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. ४/३/२०२४.
२) त्याची स्मरणपत्रे, अकरा.
३) आपले उत्तर, "बघतो" (तोंडी).

महोदय,

'अर्जात "मी" असे लिहू नये, अर्ज परत केला जाईल' असा फलक आपल्या दारावर आहे. सबब अर्जदार स्वतःविषयी, जणू ती शेजारच्या गावची कोणी बाई आहे, अशा रीतीने लिहीत आहे. कु. सुकन्या बद्रीनाथ देवकते, रा. सिरसाळा, ता. परळी, ती हीच.

१. अर्जदाराचे घराणे शेळ्या-मेंढ्या राखणारे. आजोबा तात्याबा यांना शेळीचा कान नुसता हातात धरला की तिला ताप आहे की नाही ते कळते. तात्याबा एकच असल्याने सगळ्या शेळ्यांना पुरत नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या अर्जदाराने तेच काम करणारी, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी चिप आखली. ताप चढला की मोबाईलवर निरोप येतो. आखणी आपल्या कक्षातील संगणकावर झाली, म्हणून नोंदणीला आपली ना-हरकत लागते. पहिली खेप दि. १२ सप्टेंबर २०२३ रोजी सत्यभामाबाईंच्या शेळीपालन गटाने विकत घेतली. सेमीकंडक्टर चिपच्या मांडणीविषयीचा सन २००० चा कायदा असे सांगतो, की मांडणी ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला नोंदणी केल्यास दहा वर्षे संरक्षण आहे. मात्र विक्री सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. ही मुदत येत्या ११ तारखेला संपते. त्यानंतर मांडणी कोणीही उचलावी आणि अर्जदाराने बघत बसावे. बघत बसण्याचा सराव आपल्या कक्षाने तिच्याकडून करून घेतलेला आहेच.

२. पहिल्या अर्जासोबत अर्जदाराने एक नमुना चिप दिली होती. लिपिक श्री. रामप्रसाद यांनी तळहात उन्हाकडे करून विचारले, "म्याडम, हाय कुठं ती?" दाखवल्यावर म्हणाले, "एवढ्याशासाठी एवढा मोठा अर्ज कावून केला?" आलेल्या प्रत्येक वस्तूवर आवक शिक्का मारण्याचा नियम असल्याने त्यांनी तो चिपवर मारला. चिप शिक्क्याला चिकटून गेली. तेव्हापासून आपल्या शिक्क्यातील 'बीड' या शब्दाचा 'ड' उमटत नाही, हे आपल्याही लक्षात आले असेल. नसल्यास अर्जदाराला आश्चर्य वाटणार नाही.

३. त्यानंतर आपण चिपच्या मांडणीच्या नकाशाच्या आठ प्रती 'मूळ आकारात' मागवल्या. अर्जदाराने आठ कागदांवर आठ ठिपके सादर केले. 'कोरे कागद जोडून कार्यालयाची दिशाभूल' असा शेरा मिळाला. मग आपण फर्मावले, "लांबून दिसेल असा आणा. वीस फूट तरी पाहिजे." आपल्या जिल्ह्यात वीस फुटांची वस्तू एकाच ठिकाणी तयार होते. अर्जदार तेलगावला सटवाजींच्या फ्लेक्सच्या दुकानात गेली, नकाशा छापून घेतला आणि टेम्पोतून आपल्याकडे पोचवला. तो आपण एकदाही निरखून पाहिलेला नाही. सध्या तो कक्षाच्या गळक्या पत्र्यावर अंथरलेला असून पाणी उत्तम अडवतो. अर्जदाराच्या संशोधनाचा कक्षाने केलेला हा एकमेव उपयोग.

४. यंदा फेब्रुवारीत तेलगावच्या चौकात युवा नेते श्री. अभिमन्यू शिवशंकर सावळकर (यापुढे 'सामनेवाले') यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. काळा चष्मा, हात जोडलेले, खाली बावन्न शुभेच्छुक, आणि पाठीमागे शेळीचा ताप मोजणारी अर्जदाराची अख्खी चिप. जाब विचारल्यावर सटवाजी म्हणाले, "ताई, आईशप्पथ, मला वाटलं गालिचाची नक्षी हाय. भैय्यांना लई आवडली." त्यांनी मूळ फाईल अर्जदारासमोर पुसून टाकली. त्यांचा प्रामाणिकपणा नोंदवणे भाग आहे, कारण या प्रकरणात तो इतरत्र कुठेही आढळलेला नाही.

५. ती नक्षी नसून चिप आहे, हे कोणीतरी सामनेवाल्यांना सांगितले. पुढच्याच आठवड्यात सदर चिप त्यांनीच शोधल्याचे जाहीर झाले आणि त्यांचा सत्कार ठरला. शाल आपण स्वतः घातली. मार्चमध्ये त्यांनी त्याच मांडणीच्या ना-हरकतीसाठी आपल्याकडे अर्ज केला. सटवाजींकडे फाईल उरली होती ती फक्त वाढदिवसाची. तिच्यातून सामनेवाल्यांचा फोटो कापला, आणि राहिले ते 'मूळ संशोधन' म्हणून दाखल झाले. त्यामुळे त्यांच्या नकाशाच्या मधोमध हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या आकाराचे भोक आहे. जगातली ही बहुधा पहिलीच चिप, जिला खांदे आहेत.

६. दि. १८ जून रोजी आपण सुनावणी ठेवली. भोक कशासाठी, असे अर्जदाराने विचारले. सामनेवाल्यांच्या तज्ज्ञाने (ते मंडप डेकोरेशन पाहतात) खुलासा केला, "त्यातनं गरमी बाहेर पडती." आपण ते लिहून घेतले. अर्जदाराने सोबत आणलेली छोटी प्रत आणि सामनेवाल्यांचा नकाशा शेजारी ठेवून निष्कर्ष काढला, तो असा : 'अर्जदाराच्या नकाशात मध्यभागी माणूस नाही. सामनेवाल्यांच्या नकाशात आहे. सबब साम्य आढळत नाही.' हे वाक्य अर्जदाराने घरी सात वेळा वाचले. आठव्या वेळी ते तात्याबांना वाचून दाखवले. तात्याबांनी विचारले, "सायब ह्यो पगारी हाय का?"

७. आता मुख्य पुरावा. अर्जदाराने नकाशाच्या डाव्या कडेला आपल्या घराण्याच्या शेळ्यांची खूण आखलेली आहे : कानाच्या कडेला वरून एक खाप (चीर), खालून दोन. चिपच्या कामाशी तिचा काडीचा संबंध नाही. ती सामनेवाल्यांच्या नकाशातही जशीच्या तशी, त्याच जागी आहे. सुनावणीत याविषयी विचारता तज्ज्ञ म्हणाले की तिने चिपचा वेग वाढतो. सामनेवाल्यांनी त्यांना थांबवून सांगितले, "तसं न्हाई. ती आमच्या घराण्याची खूण हाय. पिढीजात." सामनेवाल्यांच्या घराण्यात पिढीजात ट्रॅक्टर आहेत. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या तात्याबांनी विचारले, "कोण्या कानाला अस्ती बे तुमची खूण?" सामनेवाल्यांनी कागदाकडे पाहिले. खूण डावीकडे होती. ते म्हणाले, "डाव्या."

तात्याबा म्हणाले, "डाव्या कानाला खाप आमच्या अख्ख्या भावकीत न्हाई. आमची उजव्याला. मी खाप घालताना ही पोरगी शेळीच्या समोर हुबी ऱ्हाऊन तोंड धरायची. तिच्या डाव्या हाताला शेळीचा उजवा कान यायचा. तिनं जसं बघितलं तसं काढलं. शेळीचं तोंड ज्यानं धरलंय त्यालाच ते कळंल."

आपण खाली मान घालून लिहीत होता, तेव्हा अर्जदाराला वाटले की झाले काम. इतिवृत्ताची प्रत मिळाली, तीत लिहिले आहे : 'वयोवृद्ध इसमाने शेळीविषयी विषयांतर केले. पुढील तारीख देण्यात येईल.' ती तारीख अद्याप आलेली नाही. मुदतीला नऊ दिवस राहिले आहेत.

८. सबब विनंती अशी, की ना-हरकत दि. ११ च्या आत द्यावी. आपला निर्णय होत नसल्यास अर्जदाराला कायदा बाजूला ठेवून तिच्या समाजाच्या रिवाजावर यावे लागेल. रिवाज सोपा आहे. खुणेचे जनावर दुसऱ्याच्या दारात आढळले, तर मालकाने कान दाखवावा आणि जनावर घेऊन जावे. ज्याच्या दारात आढळले त्याने वाद घालू नये. मागल्या सोमवारी तात्याबा कळप घेऊन तेलगावच्या चौकातून गेले. वाढदिवस होऊन सहा महिने झाले तरी फ्लेक्स तसाच आहे. फोटो एवढा मोठा आहे, की नकाशाच्या डाव्या कडेची खूण सामनेवाल्यांच्या कानापाशी आलेली आहे, आणि सामनेवाले पाहणाऱ्याकडे तोंड करून उभे असल्याने तो कान उजवा आहे. वरून एक खाप, खालून दोन. तात्याबा बराच वेळ वर पाहत राहिले. मग अर्जदाराला फोन करून म्हणाले, "सुके, ह्यो आपल्यातलाच दिसतोय की गं. सायबाच्या दारात बांधून ऱ्हायलाय. घेऊन ये."

तरी ना-हरकत देणे शक्य नसल्यास श्री. अभिमन्यू सावळकर यांना दि. ११ रोजी सकाळी नऊच्या आत अर्जदाराच्या ताब्यात द्यावे. चारापाण्याची सोय आहे. ताप आल्यास मोबाईलवर कळेल.

आपल्या कक्षाच्या बाकावर बसून बसून नम्र झालेली,

(सही)
सुकन्या बद्रीनाथ देवकते

सोबत :
१) नकाशाची प्रत, मध्यभागी माणूस नसलेली.
२) पहिल्या विक्रीची पावती, दि. १२/९/२०२३.
३) आवक शिक्क्याचे ठसे, पूर्वीचे आणि नंतरचे.
४) चौकातील फ्लेक्सचा फोटो, कानाभोवती लाल गोल केला आहे.
५) सुंभाची दोरी, एक. ना-हरकत दिल्यास परत करावी.